चांदोबाने गोळी सोडली

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. घरात काहीही बिघडलं की यांचं एकच ब्रह्मवाक्य, "आधी मेन बंद!" मिक्सर अडकला, मेन स्विच बंद. मी चिडले तरी म्हणतात, "हिचा मेन कुठाय?"

यांचे सांधे धरले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. माणूस पुन्हा जिने चढू लागला. पण वर्ष सरता सरता चेहरा असा गोल झाला, की कामावरचे लोक 'चांदोबा' म्हणायला लागले. भूक राक्षसाची, झोपेचा पत्ता नाही, सदा येरझारा. हे वरवर हसायचे, पण आरसा टाळायचे. मला वाईट वाटायचं. शेवटी एका सकाळी यांनी गुपचूप गोळ्यांची डबी माळ्यावर भिरकावली.

नंतर थोड्याच दिवसांत साधा ताप आला. दुपारी उलट्या सुरू झाल्या आणि न्हाणीघराच्या दारातच हे कोसळले. अंग गार, जीभ जड.

"अहो, गोळी घेतली होती ना?"

"मेन... बंद केला," हे पुटपुटले.

मी शेजारी हाका मारल्या. शेजारच्या भाऊजींनी गाडी काढली. वाटेत प्रत्येक सिग्नल लालच. दवाखान्यात शिरताच मी ओरडले, "यांनी स्टेरॉइड एकदम सोडलंय!"

सुई गेली, सलाईन लागलं. तासाभराने ओठांवर रंग आला, तेव्हा कुठे मी स्टुलावर टेकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताप आला, मार लागला, भीती वाटली, की शरीर कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढवतं. त्याच्या जोरावर रक्तदाब टिकतो. मूत्रपिंडावरची ग्रंथी ते बनवते. यांना गोळीतून तसंच आयतं मिळत होतं, म्हणून ती बसली आरामात."

"म्हणजे सून आल्यावर सासूने स्वयंपाक सोडावा तशी?"

"अगदी! आणि यांनी सुनेला एका दिवसात बाहेर काढलं. वर दारात तापाचा पाहुणा."

मी हसता हसता रडायला लागले.

आता गोळी थोडी थोडी कमी होते आहे. ताप आला तर उलट वाढवायची, ती कशी हेही बाईंनी समजावलंय. हे कामावर ऐटीत सांगतात, "लिफ्ट खाली आणायची ती ब्रेक धरत, दोर कापून नाही." शहाणपण आलं, पण केवढ्याला पडलं असतं!

मला मात्र चैन नाही. हे शिंकले की माझी छाती धडधडते. खोकला ऐकला की हातातलं काम टाकून धावते. परवा तपासणीला गेलो तेव्हा विचारलं, "यांची ग्रंथी जागी झाली का हो?"

"होतेय हळूहळू."

"मग माझी जरा झोपवा ना."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. यांनी माझा गार पडलेला हात हातात घेतला, आणि या खेपेला मेन कुठाय ते विचारलं नाही.