कॅस दुबियलची सहाशे अकरा मैलांची गाडी

कॅस दुबियलचा दिवस पहाटे तीन पन्नासला सुरू व्हायचा. गजर चारचा असे. पाळी सहाची. प्लांटच्या फाटकातून साडेपाचला आत आलं तरी कुणी काही बोललं नसतं, पण कॅस पाचला आत असायचा. बोल्ट ठरावीक जोरानं आवळणारा आपला टॉर्क पाना तपासून घ्यायला त्याला वेळ लागे. रात्रपाळीच्या माणसानं तो बिघडवून ठेवला असेल, असा त्याचा कायमचा संशय होता.

मी लाइनच्या उजव्या बाजूला, तो डाव्या. गाडी आमच्या डोक्यावरून सरकत यायची. पुढच्या चाकांच्या सांध्याचे बोल्ट मी माझ्या बाजूचे आवळायचे, त्यानं त्याच्या. तासाला पंचावन्न गाड्या. आवळून झालं, पान्यानं तपासलं, की पिवळ्या मेणखडूनं बोल्टवर एक रेघ. रेघ म्हणजे माणसानं हात लावून बघितलंय. अठ्ठावीस वर्षं आम्ही दोघांनी हे केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पेन्शन अजून तिथूनच येते.

१९७०च्या एप्रिलमध्ये कॅसनं आमच्याच लाइनवरून उतरलेली एक गाडी घेतली. दोन दारं, चार गिअर, मोठं इंजिन, रंग कच्च्या लिंबासारखा हिरवा. कामगारांच्या सवलतीत तीन हजार दोनशे डॉलर. तेव्हा तासाला चार डॉलरच्या आसपास मिळत. आधीची दोन वर्षं त्यानं एकही शनिवार घरी काढला नव्हता.

आता अशा गाड्यांना लोक मसल कार म्हणतात आणि दोरी बांधून लांबून दाखवतात. तेव्हा ती पोरासोरांची गाडी होती. सिग्नलला थांबायचं, शेजारच्याकडे बघायचं, आणि दिवा बदलला की पाय खाली दाबायचा. बस. कॅसनं हे पाच-सहा वेळा केलं असेल. लग्नाआधी होणाऱ्या बायकोला, लोरेटाला, एकदा तिच्यात बसवलं होतं. ती उतरली आणि म्हणाली, "रंग बेडकाचा आहे आणि आवाज कारखान्याचा. कारखान्यातून सुटून परत कारखान्यातच बसतोस होय रे?"

पुढच्या वर्षी विम्याचे हप्ते एवढे चढले की घराचा हप्ता आणि गाडीचा विमा यांतलं एकच जमणार होतं. कॅसनं गाडी गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर चढवली. मीटरवर सहाशे अकरा मैल. "थोडे दिवस," तो म्हणाला.

मग तेलाचा तुटवडा आला, पेट्रोलच्या रांगा लागल्या. असल्या गाड्या लोक पाचशे डॉलरला देऊन टाकत होते आणि घेणारा मिळत नव्हता. मग आमची कपात झाली, मग परत बोलावलं. गाडी उभीच. पुढे कधीतरी वारं फिरलं. त्याच गाड्या लिलावात हजारांनी जाऊ लागल्या, मग दहा हजारांनी, मग त्याच्याही वर. आधी चालवणं परवडत नव्हतं म्हणून ती उभी होती. आता तिची किंमत वाढली, म्हणून चालवणं परवडेना. एकेक मैल म्हणजे किमतीत घट, असं गाड्यांच्या मासिकात छापून यायचं, आणि कॅस मासिक शब्दन् शब्द वाचायचा.

लोरेटाशी ठरलं होतं: निवृत्तीनंतर गाडी विकायची आणि वर उत्तरेला तळ्याकाठी दोन खोल्यांचं लाकडी घर घ्यायचं. आमच्याकडे प्लांटमधल्या प्रत्येक माणसाला असं एक घर हवं असतं. लोरेटानं पडद्यांचं कापडसुद्धा घेऊन ठेवलं होतं.

निवृत्त झाल्यावर बाकीचे आम्ही सात-सात वाजता उठू लागलो. कॅस तीन पन्नासलाच. उठायचा, गॅरेजात जायचा. उंदीर शिरले का, छत गळतंय का, हवेत दमटपणा किती. चादर उचलून बघायची, परत घालायची. जेवताना तीनदा उठायचा. कुलूप बघून यायचा. ताटातलं सॉसेज गार.

"तुझ्या नवऱ्याला बसता येत नाही का गं?" मी लोरेटाला विचारलं.

"येतं की. दंतवैद्याकडे. तिथं बांधून ठेवतात."

दर वर्षी ऑगस्टमधल्या एका शनिवारी आमच्या शहरातल्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्या निघतात. लाखो लोक कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. आम्हीही बसायचो. ज्यांनी असली गाडी कधी हातानं जुळवली नाही, असे दातांचे डॉक्टर आणि वकील त्या चालवत समोरून जायचे. कॅसचा डावा पाय आपोआप दाबला जायचा, उजवा हात मांडीवर गिअर टाकायचा. एकदा त्याच्यासारखीच हिरवी आली. चालवणारा दुसऱ्या गिअरमध्ये अडखळला.

"क्लच सोड, गाढवा!" कॅस ओरडला. सगळ्यांनी वळून बघितलं.

"तुझी आण ना मग," मी म्हणालो.

"आणीन. पुढच्या वर्षी."

हे त्यानं अकरा वर्षं सांगितलं.

२०११च्या मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं की नजरेच्या मधोमध डाग पडतोय आणि तो वाढणार. नोव्हेंबरमध्ये त्याच्या परवान्याची मुदत संपत होती. नव्याला नजर तपासतात. म्हणजे हातात एक उन्हाळा. तो संपला की गाडी कितीही लाखांची असो, कॅसला ती कधीच चालवता येणार नव्हती. त्यानं हे मला गॅरेजात उभं राहून सांगितलं आणि लगेच म्हणाला, "विकूनच टाकू. लोरेटाला शब्द दिलाय."

"एकदा चालवून मग वीक."

"सहाशे बारा झाले तर?"

"तर सहाशे बारा झाले."

"तुला कळत नाही," तो म्हणाला आणि दारापर्यंत जाऊन परत आला, परत गेला.

मे महिन्यात किंमत ठरवणारा माणूस आला. डेव्हिन प्रॅट. तिशीतला, रबरी हातमोजे, छोटी बॅटरी, दांडीला लावलेला आरसा. स्वतःही विकत घेत असे. कॅसनं मला साक्षीला बोलावलं होतं. लोरेटानं कॉफी केली आणि गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसली.

डेव्हिननं इंजिनावर ठोकलेला आकडा वाचला, मग गाडीवरचा. दोन्ही जुळले. "गाडीचं स्वतःचं इंजिन," तो हलक्या आवाजात म्हणाला. मीटर बघितला. सीटचा वास घेतला. मग पाठीवर झोपून खाली सरकला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"मिस्टर दुबियल, पुढच्या बोल्टवरच्या खुणा कुठं आहेत?"

"कसल्या?"

"पिवळ्या. प्लांटमध्ये कोणीतरी मेणखडूनं रेघ मारायचा. घेणारे आधी तेच बघतात. आणि डिकीखाली रंगाचे ओघळ हवेत. त्या प्लांटच्या प्रत्येक गाडीत असतात. इथं नाहीत."

कॅसचा चेहरा खुलला. "नसणारच! मी घेतली त्याच आठवड्यात सगळं नीट केलं. ओघळ म्हणजे मेणबत्ती वितळल्यासारखे होते. घासले, परत रंगवले. हा होता मदतीला. सगळे बोल्ट काढले, धुतले, तेल लावून बरोबर मापावर आवळले. शुक्रवारची गाडी होती, शुक्रवारी माणसं घाई करतात. या गाडीत एक बोल्ट ढिला सापडला तर माझं नाव बदला."

"आणि खूण?"

"पुसली. ती माझीच होती. स्वतःच्या गाडीवर खडूची रेघ कशाला ठेवायची?"

डेव्हिन गाडीखालून सरकत बाहेर आला आणि उठून बसला. गुडघे झाडले. "तुम्ही? तो खडू तुम्ही मारायचात?"

"डाव्या बाजूचा. उजवा हा."

त्या पोरानं आमच्याकडे संग्रहालयातल्या हाडांकडे बघावं तसं बघितलं. मग अवघडून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. हात न लागलेली असती तर ऐंशी-नव्वद हजार. आता ही दुरुस्त केलेली गाडी. पस्तीस."

"दुरुस्त नाही. नीट केलेली."

"ज्यांना हवीय त्यांना नीट नको असते हो. प्लांटमधून जशी निघाली तशी हवी असते."

लोरेटानं कप खाली ठेवला. तळ्याकाठचं घर पंचाहत्तर हजारांना होतं. हे आम्हा तिघांना माहीत होतं.

डेव्हिनच मग जवळ सरकला. "एक मार्ग आहे. ओघळ मी पाडून घेतो, तसं करणारे लोक आहेत. खुणा तुम्ही करा. हात तोच, खडूही तसाच मिळतो. दोघांनी एक कागद सही करून द्या की हे आमच्या हातचं. खोटं काय त्यात? मी सत्तर देतो."

डेव्हिन कागद आणायला त्याच्या गाडीकडे गेला. कॅस गॅरेजात येरझारा घालू लागला. सात पावलं तिकडे, सात इकडे.

"नाही," तो म्हणाला.

"का?" लोरेटा.

"रेघ म्हणजे त्या दिवशी, त्या ठिकाणी, मी तपासलं. आज मारली तर ती आजची. तो ती सत्तर सालची म्हणून विकणार."

"मग तपास, आणि मार!"

"मारली तरी आजचीच."

"कॅस दुबियल, तीस वर्षं शेजारणीला माझं घर दाखवतेय मी. बोटानं. पोस्टकार्डावर. एक रेघ आहे ती, देवाची आज्ञा नाही. प्लांटमध्ये न तपासता कधी मारलीच नाहीस होय?"

कॅस थांबला. "मारली. दोनदा. एकदा ताप होता, एकदा वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा. दोन्ही गाड्या कुठल्या रंगाच्या होत्या तेही सांगतो. कुठं असतील, कोण बसलं असेल त्यांत..."

"म्हणून तू रात्री उठतोस?"

"नाही. तसं नाही." पण तो तिच्याकडे बघत नव्हता.

लोरेटा खुर्चीतून उठली. मग म्हणाली, "दोन रेघांबरोबर मी चाळीस वर्षं झोपले. तिसरीला माझ्या पलंगावर जागा नाही." तिनं मला विचारलं, "तू करशील उजवी बाजू?"

मी नाही म्हणालो. सत्तर हजार माझे नव्हते, त्यामुळे मला सोपं होतं.

डेव्हिन कागद घेऊन आला तेव्हा लोरेटानंच त्याला सांगितलं, "कागद ठेव खिशात, बाळा. पस्तीसही नको." कॅसनं मान वर केली. "घर तर येत नाही पस्तीसात," ती त्याला म्हणाली. "मग आता कुणासाठी जपायचीय? काय हवंय तुला? कुलूप बघून येऊ नकोस. तोंडानं सांग."

"चालवायचीय," कॅस म्हणाला. एवढंच.

डेव्हिननं हातमोजे काढले आणि कॅसशी हात मिळवला. जाताना म्हणाला, त्यानं आजवर चारशे गाड्या तपासल्या, पण इतके बरोबर आवळलेले बोल्ट बघितले नाहीत. किंमत मात्र वाढवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. अकरा दिवस. पेट्रोलची टाकी उतरवली, आत जुन्या पेट्रोलचा झालेला डिंक खरवडला. ब्रेकचे पाइप नवे. सगळ्या रबरी नळ्या नव्या. चारही टायर नवे, कारण एकेचाळीस वर्षांचं रबर दगड होतं. जुने टायर त्या दिवसापर्यंत मूळचे म्हणून मोलाचे होते, कॅसनं ते रस्त्याच्या कडेला टाकले. बारीक काम मी केलं, कॅसनं बोटांनी चाचपून दोनदा माझी चूक काढली. दोन्ही वेळा त्याचं बरोबर होतं.

जूनच्या पहिल्या मंगळवारी तो गाडी गल्लीत घेऊन आला. सहाशे बाराचा आकडा चढताना बघायला तो थांबलाच नाही. तोपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये होता.

त्या उन्हाळ्यात तो आणि लोरेटा ह्युरॉन सरोवराच्या काठाकाठानं वर उत्तर टोकाच्या मोठ्या पुलापर्यंत गेले, तीनदा. रात्री काढायला भाड्याच्या खोल्या, आठवड्याचे पैसे आगाऊ. पावसात सापडले. एकदा खाली ओहायोत एका ट्रकच्या चाकाखालून आलेल्या खड्यानं बॉनेटवर टवका उडाला. कॅसनं मला फोन करून सांगितलं, हवामान सांगावं तसं. नोव्हेंबरमध्ये त्यानं परवाना परत दिला. मीटरवर पाच हजार तीनशे चाळीस.

मला वाटलं, संपलं. डिसेंबरात लोरेटाचा फोन आला. तिला क्लच शिकायचा होता. आयुष्यभर आपोआप गिअरची गाडी चालवलेली चौसष्ट वर्षांची बाई, आणि शेजारच्या सीटवर तो. बर्फ वितळल्यावर चर्चच्या मोकळ्या पार्किंगमध्ये सुरू झालं. मी लांब उभा होतो, तरी ऐकू येत होतं.

"सोड! हळू! हळू म्हणतो मी!"

"हळूच सोडतेय! तू आधी दरवाजा सोड!"

कॅस नीट बसत नव्हता. डोळ्यांनी दिसत नसलं तरी इंजिनाच्या आवाजावरून कुठला गिअर चुकला ते सांगायचा. तिसऱ्या आठवड्यात जळका वास आला. मग गाडी जागची हलेना.

दोन वर्षांचे शनिवार घालून घेतलेल्या, चाळीस वर्षं एका जागी उभ्या राहिलेल्या त्या गाडीवर कॅसनं पेन्शनमधून केलेला, मला माहीत असलेला शेवटचा मोठा खर्च म्हणजे क्लचची प्लेट. दोनशे दहा डॉलर. बसवायला मला दीड दिवस लागला. लोरेटा बॅटरीचा उजेड धरून उभी होती आणि विचारत होती, पुढच्या वेळी हे तिला स्वतःला करता येईल का.