ढील देणारे चाचा

मंठ्यात आम्ही चौघी बायकांनी कागदी पिशव्यांचं मशीन टाकलं आणि तिसऱ्याच महिन्यात ते विकायला काढलं. रोल अर्धा संपला की कागद फाटायचा. रोल सैल पडतोय असं वाटून मी त्याचा ब्रेक आणखी आवळायचे, आणि कागद आणखीच फाटायचा.

शेवटचा उपाय म्हणून जालन्याच्या छापखान्यात हयात घालवलेल्या एका चाचांना बोलावलं. आल्या आल्या त्यांनी मशीन चालू करायला लावलं, धावत्या कागदाला बोटांची पाठ टेकवली आणि डोळे मिटून उभे राहिले.

“बेटी, कागद बिलकुल चांगला हाय,” ते म्हणाले. “रोल बारीक झाला की ओढ वाढती, अन् तुम्ही भिऊन आवळून राह्यल्या. जरा जरा ढील द्या.”

त्यांनी माझाच हात ब्रेकवर ठेवला. रोल उतरत गेला तसा मी ब्रेक सैल करत गेले.  कागद शेवटच्या वेढ्यापर्यंत न फाटता आला.

चाचा दुपारच्या एसटीनं गेले, पुन्हा भेटले नाहीत. संध्याकाळी मशीन बघायला गिऱ्हाईक आलं. आमच्यातली एक गठ्ठा बांधता बांधताच त्याला म्हणाली, “मशीन न्हाई विकायचं आता. पिशव्या पायजेत का?”