छापखान्याची शिशी

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीत बसलो, पण परीक्षेच्या दिवशी बापासंग कापूस वेचायला गेलतो, म्हणून पासही झालो नाही आणि नापासही नाही. तरी आमच्या वस्तीत मला शिकलेला म्हणत, कारण मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. अक्षरं मी आधी उलटी वाचायला शिकलो, सुलटी नंतर. याला कोणी फुशारकी म्हणेल तर म्हणो. त्या काळात आमच्या लोकांपैकी दुसरा कोण होता तसा?

छापखाना म्हणजे एक खोली आणि पायानं चालवायचं मशीन. मालक मास्तर. शाळेची नोकरी सोडून ते दर शनिवारी चार पानांचं साप्ताहिक काढत. लिहायचे ते, जुळवायचो आणि छापायचो मी. दिग्रसवरून यवतमाळला जाणाऱ्या एसटीच्या टपावर गठ्ठे चढवले की आमचा हप्ता संपला.

गावात दवाखाना म्हटलं की ट्रस्टचा. जिनिंगवाल्या सेठ लोकांचा ट्रस्ट. चार गावांत त्यांचे दवाखाने, आणि त्या चारी दवाखान्यांचे केसपेपर आणि शिशीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या आमच्याकडेच छापल्या जात. केसपेपरात जातीचा रकाना होता. आम्हाला धम्म घेऊन दोन-तीन वर्षं झालती. मी ‘बौद्ध’ सांगायचो, कारकून जुनंच लिहायचा. म्हणायचा, “रकाना लहान हाय ना गड्या.” तो रकाना मीच जुळवलेला. किती लांब आहे ते मला त्याच्याहून जास्त माहीत होतं. तेव्हा दवाखान्यावर माझा आधीपासून राग होता, हे लपवत नाही.

त्या काळी पातळ औषध पाहिजे तर शिशी घरून न्यावी लागे. कंपाउंडर तिच्यात लाल पाणी भरायचा आणि बाहेरून कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. आमच्या वस्तीत दोन शिश्या होत्या आणि त्या घरोघर फिरत. ज्या घरी दुखणं त्या घरी शिशी. ज्या बाईच्या हातात ती येई, ती आधी राखेनं आतून-बाहेरून घासून काढी, कारण आधी कोणाच्या घरी होती अन काय भरलं होतं ते कोण पाहते.

आमच्या भिंतीला भिंत लागून काका-काकू राहत. सख्खे नव्हते, पण माझी माय गेल्यावर मी त्यांच्याच चुलीजवळ जेवायचो. काकांना खोकला लागला. दोन्ही शिश्या दुसरीकडे गेलेल्या. काकू भरदुपारी छापखान्याच्या दारात येऊन उभी.

“बाबू, शिशी हाय काय रे एखांदी? कंपाउंडर म्हणते शिशी आन. मी म्हटलं, वंजळीत दे. तं हसते मेला.”

फळीवर दोन तपकिरी शिश्या रिकाम्या होत्या. एक अळशीच्या तेलाची, शाईत घालायच्या. दुसरी कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची. छापून झालं की खिळ्यांवरची शाई त्या पाण्यानं धुवावी लागे. ते पाणी बोटाला लागलं तर कातडी सोलून निघते, म्हणून आम्ही ब्रशानं लावायचो. दोन्ही शिश्या दिसायला सारख्या. मी तेलाची म्हणून एक उचलली. माझे हात कायमचे शाईनं चिकट, बोटांना काही फरक कळला नाही. हापशावर दोनदा पाणी खंगाळून टाकलं, बूच लावलं.

“घे काकू. तेलाची होती, तेल काही कोणाले मारत नाही.”

“मारत नाही तं तूच पी,” काकू म्हणाली आणि हसत गेली.

तीन दिवस काका औषध प्याले, काही झालं नाही. चौथ्या दिवशी तळातला शेवटचा डोस राहिला. चिठ्ठीवर छापलेलंच होतं, ‘शिशी हलवून घ्यावे’. आधीचे डोस काकूनं न हलवता ओतून दिले होते; आता तळचं औषध वाया जाऊ नये म्हणून तिनं शिशी चांगली हलवली आणि काकांच्या तोंडाला लावली. काका ओरडलेसुद्धा नाहीत, आवाजच निघाला नाही. जीभ पांढरी पडली, ओठांची साल निघाली. बैलगाडीत घालून आम्ही त्यांना ट्रस्टच्याच दवाखान्यात नेलं. दुसरा होता कुठं?

मास्तर डॉक्टरला भेटून आले. डॉक्टर म्हणाले, शिशी धुऊन आणायचा नियम आहे, घरच्यांनी घाण शिशी आणली, आमच्या औषधाचा दोष नाही. मास्तरांनी मला विचारलं, “शिशी कुठली होती?”

“मी देली. तेलाची होती. दोनदा धुतली.”

“नक्की?”

“मास्तर, मी देली म्हनतो ना.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर त्यांनी लिहिलं की शिशी स्वच्छ होती, औषधात काय होतं याची चौकशी व्हावी. मथळा मी सुचवला: ‘दवाखान्याच्या औषधाने तोंड भाजले’. मास्तरांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले. तो मथळा मी लाकडी अक्षरांत जुळवला. ती मोठी अक्षरं आम्ही फक्त लग्नपत्रिकेला आणि सिनेमाच्या कागदाला वापरायचो.

शनिवारी सकाळी गठ्ठे गेले. मी परत येऊन पहिलं पान धुवायला घेतलं. डब्यातून कॉस्टिकचे खडे काढले, फळीवरची उरलेली शिशी पाणी कालवायला उचलली, आणि ती हातात घसरली. बाहेरून तेलकट होती. मी बूच काढून नाकाला लावलं. अळशीचं तेल.

कॉस्टिकची शिशी कुठं असेल म्हणून मी फळी शोधली, मशीनखाली शोधलं, मास्तरांच्या टेबलाखाली पाहिलं. नव्हतीच तर सापडणार कशी? दोनदा खंगाळलं खरं, पण तळाला शाईच्या गाळासंग वाळून बसलेला कॉस्टिकचा थर पाण्यानं निघाला नसणार. तो तीन दिवस औषधात भिजत राहिला, आणि हलवल्यावर सगळा वर आला. समोर फर्म्यात, अक्षरं आवळायच्या लोखंडी चौकटीत, माझा मथळा उलटा पडला होता आणि उलटा मला सगळ्यात आधी वाचता येत होता.

मास्तर आत आले. “काय रे, चेहरा काहून उतरला?”

“काही नाही,” मी म्हणालो.

हे मी पंधरा दिवस म्हणत राहिलो.

तेवढ्यात दवाखाना आमच्यावर उठला. आधी केसपेपरचं काम बंद झालं. मग जिनिंगच्या नोटिसा बंद. एसटी स्टँडवर आमचा पेपर ठेवणारा पानवाला म्हणाला, मास्तर, माझी सून बाळंतपणाला तिथंच जाणार आहे, मला माफ करा. दवाखान्यात एका रोग्याच्या उशाखाली पेपर सापडला तर वॉर्डबॉयनं तो सगळ्यांसमोर फाडला. मास्तर चिडत नव्हते. दर अंकात ते तोच प्रश्न पुन्हा छापत: औषधात काय होते? जुळवत मी होतो. आणि मास्तर ज्यांच्यासाठी पेपरातून दवाखान्याशी भांडत होते, ते काका त्याच दवाखान्याच्या खाटेवर पडून होते, नळीनं दूध घेत.

मग आमच्याच वस्तीतली दहा-बारा माणसं आली. त्यात माझा सख्खा मामा. हात जोडून मास्तरांना म्हणाले, “गुरुजी, तुमचं खरं असन. पन आमाले साप चावला तं कोनाकडं जाचं? तुमच्या छापखान्यात?”

ते लोक गेल्यावर मास्तर म्हणाले, “आपलंच माणूस घाबरलं, याचं वाईट वाटतं. पण गोष्ट खरी आहे ना, मग झालं.”

तेव्हा मी सांगितलं. एका दमात. तेल, कॉस्टिक, फळी, सगळं. मास्तरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“कधीपासून माहीत आहे?”

“पहिला अंक गेला त्या दिवशीपासून.”

“म्हणजे त्यानंतरचे दोन अंकही मी खोटं छापलं.”

“मी जुळवलं.”

“तू जुळवलं, छापलं मी,” ते म्हणाले. मग विचारलं, “कंपाउंडर शिशी स्वतः धुऊन, वास घेऊन भरतो ना? तसा नियम आहे.”

ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकांना पाहायला गेलो तेव्हा कंपाउंडर नळावर भेटला. मी सरळ विचारलं. तो म्हणाला, “नियम हाय. पन तू रांग पाह्यली का कधी? धूत अन वास घेत बसलो तं संध्याकाळलेही लोक घरी जाईन नाही. अन हे मी तुले बोललोच नाही.”

वॉर्डात काकू खाटेखाली बसली होती. काका झोपलेले. मी तिला सगळं सांगितलं. ती माझं ऐकत नव्हती असं वाटलं, ती फरशीकडं पाहत होती.

“म्हंजे शिशीतच होतं,” ती म्हणाली.

“हो काकू.”

“मी घासली नाही.”

“काय?”

“राखेनं घासली नाही रे मी ती. कोनाचीबी शिशी असली तं पह्यले घासतो मी. तुही होती म्हनून नाही घासली. म्हटलं शिकलेल्याच्या हातची हाय, छापखान्यातली हाय, त्याले काय राख लावाची. तुह्या समोर धुतली असती तं तुले वाईट वाटलं असतं.”

आयुष्यभर मला वाटत होतं की लोकांनी मला शिकलेला म्हणावं. म्हणत होते. त्यानंच काकांचं तोंड भाजलं.

“कोनाले सांगितलं हे?” मी विचारलं.

“नर्सबाईजवळ रडली पह्यल्या दिवशी. म्हटलं, घासली नाही वो मी.” मग तिनं माझा हात धरला. “पेपरात नको देऊ. हे उठले अन वाचता आलं नाही तरी कोनी वाचून दाखवन.”

शुक्रवारी मास्तरांनी नवी बातमी लिहिली. शिशी छापखान्याची होती, तिच्यात कॉस्टिक राहिलं होतं, हा आमचा दोष, आम्ही आधी चुकीचं छापलं. आणि भरताना कंपाउंडरनं शिशी तपासली नाही, हा दवाखान्याचा. मी जुळवत असतानाच ट्रस्टचे सेक्रेटरी आले. पांढरे कपडे, गोड बोलणं. कुठून तरी त्यांना वास लागला होता. मास्तरांनी कच्चा कागद त्यांच्या पुढं ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

“बहोत अच्छा. मास्तरजी, तुम्ही इमानदार माणूस आहात. फक्त कंपाउंडरची ओळ काढा.”

“ती खरी आहे.”

“मग आणखी एक खरी टाका. त्या बाईनं शिशी धुतलीच नाही. नर्सजवळ कबूल केलं तिनं.” त्यांनी खिशातून कागद काढला. “हे छापा, म्हणजे कोणाचीच चूक राहत नाही. गरीब बाई, अडाणी, तिला कोण काय म्हणणार? केसपेपरचं काम उद्यापासून तुमच्याकडं.”

आमचा दोष आम्ही छापत होतो, आणि सेक्रेटरीला तो दोषही नको होता. त्याला पाहिजे होती चुलीजवळ बसणारी एक बाई, जी वाचू शकत नाही.

मास्तर माझ्याकडं वळले. “तुला माहीत आहे का? धुतली होती तिनं?”

मास्तरांना मी एकदा फसवलं होतं आणि आता पुन्हा कधी नाही असं ठरवलं होतं. समोर सेक्रेटरी. हातात खिळे जुळवायची स्टिक, तिच्यात अर्धी ओळ जुळवलेली.

“शिशी मी देली,” मी म्हणालो. “धुवाचं काम माहं होतं. तिनं धुतली का नाही, मले माहीत नाही.”

“पण नर्स सांगते—”

“तुमच्या दवाखान्यात जात सांगा तं तेही चुकीची लिहून घेतात.”

सेक्रेटरी उठले. जाताना म्हणाले, “लडका बहोत जिद्दी है, मास्तरजी. नुकसान तुमचं.”

ते गेल्यावर मास्तरांनी मला पुन्हा विचारलं, हळू आवाजात. “खरंच माहीत नाही?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली आणि कागद परत दिला. बातमी तशीच गेली, दोन दोषांची. तिसरा मी गिळला.

त्यानं आमचं काही भलं झालं नाही. जे आमच्या बाजूनं होते ते म्हणाले, हे स्वतःच विष देतात आणि स्वतःच बोंबलतात. जे दवाखान्याच्या बाजूनं होते त्यांनी कंपाउंडरची ओळ वाचलीच नाही. पुढचे पाच-सहा अंक निघाले आणि पेपर बंद पडला. मास्तर पुसदला शिकवण्या घ्यायला गेले. कंपाउंडरची बदली ट्रस्टच्या दुसऱ्या गावच्या दवाखान्यात झाली, तिथंही तो शिश्याच भरत असणार. काका घरी आले, पण पेजेशिवाय काही गिळता येत नव्हतं आणि आवाज चाळणीतून आल्यासारखा. मी त्यांच्यासमोर सगळं कबूल केलं. त्यांनी हातानं ‘बस’ म्हणून खूण केली. काकूनं मला जेवायला वाढलं. बायकोनं शिशी घासली नव्हती हे काका मरेपर्यंत त्यांना कळलं नाही.

मास्तर वारले तेव्हा मी पुसदला गेलतो. त्यांच्या मुलानं मला विचारलं, बाबा तुमच्याबद्दल नेहमी म्हणत की तो खोटं बोलणारा नाही, ते तुम्हीच का? मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो, त्यांच्या दारात?