जोगळेकरची सायकल

क्वार्टर बदलताना सामान कमी करता येतं, किस्से नाही! ते आपले साठतच जातात. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये मी, शेख आणि जोगळेकर शेजारी होतो. आमच्याकडे साठलेले बहुतेक किस्से जोगळेकरच्या सायकलचे.

दर रविवारी सकाळी इंडिया गेटपर्यंत सायकलनं जायचं ठरलं. शेखनं आणि मी दुकानातून तयार सायकली घेतल्या आणि चालवतच घरी आलो. जोगळेकर म्हणाला, "तयार सायकल म्हणजे मेसचं जेवण, यार! मी एकेक पार्ट निवडून स्वतः जोडणार."

*

आधी नुसती फ्रेम आली. ती हॉलमध्ये टांगली. पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो, तर वहिनींनी तिच्यावर टॉवेल वाळत घातलेले!

जोगळेकर ओरडला, "अगं, ॲल्युमिनियमची आहे ती!"

"म्हणूनच घातले. गंजत नाही!"

*

रविवारी त्याला घरी बसवेना. मग तो आमच्या बाजूनं ऑटोतून यायचा. डोकं बाहेर काढून ओरडायचा, "शेख, गियर बदल! गुडघे आत!"

शेवटी ऑटोवाला वैतागला. "भाईसाहब, आप इनकी साइकिल ले लो, इनको मैं बिठा लेता हूँ!"

*

चाकं आली, ती फ्रेममध्ये बसेनात. फ्रेम बदलली, तर चेन आखूड पडली. ऑफिसात फाइल धरली तरी त्याची बोटं ब्रेक दाबल्यासारखी हलायची. एकदा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "जोगळेकर, आपका कहाँ अटका है?"

हा दचकून म्हणाला, "सर, पिछला पहिया!"

*

आणि सायकल पूर्ण झाली, ती नेमकी त्याच्या बदलीच्या दिवशी. दारात ट्रक उभा. जोगळेकरनं नुकतीच चाकांत हवा भरली होती, सायकलवर अजून बसलाही नव्हता. पॅकिंगवाला म्हणाला, "साहब, ये तो पूरी खोलनी पड़ेगी."

जोगळेकर मटकन पायरीवर बसला.

वहिनींनी ओढणी कमरेला खोचली आणि त्या माणसाच्या हातातून सायकल काढून घेतली. त्यांना सायकलवर आम्ही कधीच पाहिलं नव्हतं.

"एक चक्कर मारून येते," म्हणाल्या आणि कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या.

ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देतोय. जोगळेकर उठतोय, बसतोय, पुन्हा उठतोय. शेख त्यांना शोधायला निघणार, एवढ्यात त्या आल्या. केस सुटलेले, चेहरा लालबुंद. एक पाय जमिनीवर टेकवून म्हणाल्या,

"अहो, सीट जरा खाली करा ना."

जोगळेकरनं खिशातून पाना काढला.