तोई नसताना चालू असलेला माईक

आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक लग्नात सुयुनबाय अबांचा आवाज आहे, माझ्याही. ते तमादा, म्हणजे तोईत, लग्नाच्या मेजवानीत, माईक घेऊन सूत्रं सांभाळणारे. नवी सून उंबऱ्याशी आली की असं काही बोलायचे, की रडून डोळे सुजलेली पोरगीही फिसकन हसायची. मग शहरातून रंगीत दिवेवाले कोवळे तमादे यायला लागले. अबांना आमंत्रण असायचं, मांसातला मानाचा तुकडाही मिळायचा. माईक मात्र दुसऱ्याच्या हातात.

गावात नेट येतं ते शाळेवरच्या पेटीतून, टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलवरून. तोईचे बिनतारी माईकही त्याच चॅनेलवर बोलतात, आणि पहिला मान त्यांचा. म्हणून पेटी सारखा कानोसा घेत असते. माईक ऐकू आला की गुमान गप्प बसते, नेट बंद. कुणाची तक्रार नव्हती. तोई असली की गाव तिथेच जेवायला असतं.

त्या दिवशी मागच्या घरची नुरझात शाळेत बसून बिश्केकच्या वैद्यकीय कॉलेजला मुलाखत देत होती. मी बोरसोक, पिठाचे गोळे, तळत होते. तालांत मास्तर धावतच आले.

"एजे," ते मला थोरल्या बहिणीसारखी हाक मारतात, "आज तोई कुणाकडे?"

"कामाच्या दिवशी? कुणाला वेड लागलंय?"

"मग नेट कसं गेलं? पोरगी अर्ध्या वाक्यात अडकलीय!"

तेवढ्यात शेजारच्या अंगणातून खणखणीत आवाज आला, "प्रिय पाहुण्यांनो!"

आम्ही भिंतीवरून डोकावलो. अंगणात गालिचा पसरलेला, तक्के मांडलेले, बसलेलं कुणीच नाही. अबा ठेवणीतला कोट घालून, हात उंचावून, रिकाम्या तक्क्यांपुढे बोलत होते. नुरझातही मागून येऊन उभी राहिली. आम्हाला पाहून अबांचा चेहरा फुलला.

"या, या! वर बसा. मास्तर, तुमच्या लग्नातलंच म्हणत होतो बघा."

"अबा, माईक बंद करा," मास्तर म्हणाले.

"का हो? आवाज फार मोठा झाला?"

नुरझातच हळू म्हणाली, "अबा, माझी मुलाखत चालली होती."

त्यांनी हातातल्या माईककडे पाहिलं. बटण सापडेना, शेवटी मास्तरांनीच ते बंद केलं. नेट परत आलं तोवर तिकडे पुढचं नाव पुकारून झालं होतं. मुलाखत पुन्हा होणार नाही, पुढच्या वर्षी या, असा निरोप आला.

संध्याकाळी अबा तिच्या दाराशी जाऊन उभे राहिले. तिची आई म्हणाली, "आत या, चहा घ्या." ते आत गेले नाहीत. "मी रोज माईक लावायचो," एवढंच बोलले, आणि वळले. गेला हिवाळाभर नेट जायचं ते यामुळे, आणि आम्ही पेटीला शिव्या घालत होतो.

शरदात मास्तरांच्या बहिणीची तोई होती. तमाद्याची गाडी घाटात बंद पडली, तेव्हा लोकांनी माईक अबांच्या हातात कोंबला. त्यांनी तो चालू केला नाही. नुसत्या आवाजात विचारलं, "कुणाचं नेटवर काही चाललंय का?"

सगळे खदखदून हसले. "म्हातारा अजून फर्मास विनोद करतो!"

अबा हसले नाहीत. कानापर्यंत लाल होऊन उत्तराची वाट पाहत राहिले. हळूहळू हसणं विरलं. भांडी विसळणाऱ्या बायकांमधून नुरझात उठली.

"नाही, अबा. बोला तुम्ही."

त्यांनी बटण दाबलं. चांगलं बोलले, पण तिच्या दिशेला एकदाही मान वळली नाही.