मामांची कॉलेजपारख

आपल्या पोराला मानवेल असं कॉलेज कसं शोधावं, हे अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकाच माणसाला कळतं आणि त्या माणसाने जन्मात कुठल्याही कॉलेजात नाव घातलेलं नाही. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. राहणार सावर्ड्याचे, नोकरी एसटीत कंडक्टरची. निवृत्तीनंतर लोक कलमांना खत घालतात, नाहीतर भावकीशी भांडतात. मामांनी ही दोन्ही कामं मुलांवर सोपवली आणि स्वतः स्थळं बघावीत तशी नातेवाइकांच्या पोरांसाठी कॉलेजं बघायला लागले. पंचाहत्तरी उलटून एसटीचा प्रवास फुकट झाल्यापासून तर त्यांना घरात धरून ठेवणं मामींनाही जमत नाही. "मंगळवारी सांगली, बुधवारी कराड," असं जाहीर करतात आणि डबा घेऊन खरंच जातात.

कॉलेजांची माहिती देणाऱ्या झाडून साऱ्या वेबसाइट, गेल्या सालच्या कटऑफच्या याद्या, गुळगुळीत कागदावरची माहितीपुस्तकं हे सगळं मामा वाचतात, लाल पेनाने खुणा करतात आणि त्यातल्या कशावरही विश्वास ठेवत नाहीत. एकदा त्यांनी मोबाइल माझ्या नाकाशी धरला. झाडाखाली लॅपटॉप घेऊन एक मुलगी हसत बसली होती. "जावईबापू, ही पोर मला तीन कॉलेजांच्या पानांवर सापडली. तिन्हीकडे नुसती हसतेय. शिकते कधी?" म्हणून ते स्वतः जातात. गेल्यावर आधी संडास बघतात, मग पिण्याच्या पाण्याचा नळ, मग सूचनाफलकावरची शेवटची तारीख. त्यानंतर कॅन्टीनमध्ये ठिय्या देऊन शेवटच्या वर्षाच्या मुलांना चहा पाजतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते विचारतसुद्धा नाहीत. "ती अजून आशेवर असतात हो, त्यांचं काय खरं नाय." एका कॉलेजात त्यांचे परीटघडीचे पांढरे कपडे आणि हातातली वही बघून तपासणी समितीच आली असं लोकांना वाटलं. त्यांनी मामांना शाल-नारळ देऊन दोन शब्द बोलायला उभं केलं. मामाही न डगमगता उभे राहिले. "यंत्रं एवढी झाकून ठेवलीत ती का? त्यांना थंडी वाजते?" एवढंच बोलून खाली बसले. नारळाची मामींनी सोलकढी केली.

आमच्या मुक्ताची बारावी झाली तेव्हा मात्र मला मामांचा लुडबुडा स्वभाव नको होता. मला तिच्यासाठी हवं होतं कॉम्प्युटर, तेही जवळच्या आणि हमखास मिळणाऱ्या कॉलेजात. तिला हवं होतं मेकॅनिकल. मिक्सर बिघडला की बायको मला हाक मारत नसे, मुक्ताला मारत असे; पण बापाला हे दिसलं तरी मान्य करायला वेळ लागतो. मामांनी मला न विचारता नातीला चार कॉलेजं फिरवून आणली. परत आल्यावर म्हणाले, "चौथ्या ठिकाणी पोर वर्कशॉपात शिरली ती दोन तास बाहेर येईना. डबा तसाच परत आणलाय, वास घेऊन बघा. हेच कॉलेज." ते चौथं कॉलेज घाटावरचं होतं आणि गेल्या सालचं तिथलं कटऑफ मुक्ताच्या गुणांपेक्षा किंचित वर होतं.

सरकारी प्रवेशाला कॉलेजांची यादी पसंतीच्या क्रमाने भरायची असते. मी माझं हमखास मिळणारं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकलं आणि मुक्ताचं तिसऱ्यावर. आमच्या गल्लीत सगळे असंच करतात. एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून एक जागा धरायची, मग आत शिरून आणखी बरी शोधायची, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी मामा सावर्ड्याहून आले, यादी बघितली आणि पाणीसुद्धा न पिता कडाडले, "आयुष्यभर मी तुमचे रुमाल उचललेत जावईबापू! ही एसटी नव्हे. एक नंबरचं मिळालं की तेच पक्कं, मग पुढच्या फेरीत सरकता येत नाय. रुमाल टाकलात की शेवटपर्यंत त्याच्यावरच बसायचं, आणि बसणार कोण? पोर!"

मी म्हटलं, "आणि तिचं वरचं मिळालंच नाही तर?"

"तर खालचं मिळेल. मशीन वरून खाली वाचत येतं. वर मागितलं म्हणून खालचं कोण काढून घेत नाय."

मी मुक्ताकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. मला स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात नेट गेलं. मुदत संपायला तासभर उरला होता. मामांनी मुक्ताला माझ्या स्कूटरवर मागे बसवलं, स्वतः रिक्षा केली आणि आमच्याआधी सायबर कॅफेत पोचून रांगेतल्या पाच जणांना पटवून आमचा नंबर पुढे घेतला. तिथे मी माझ्या हाताने तिचं कॉलेज एक नंबरवर नेलं आणि माझं तिसऱ्यावर आणलं.

पहिल्या फेरीत तिला तिसऱ्या नंबरचं मिळालं, म्हणजे माझंच. माझ्या यादीप्रमाणे गेलो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. आम्ही ती जागा हातात ठेवून वाट बघितली आणि दुसऱ्या फेरीत मुक्ताचं कॉलेज लागलं! बायको रडली, मुक्ता नाचली, मामा ओट्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून सांगत सुटले. संध्याकाळपर्यंत गल्लीतले सगळे आईबाप पुढच्या फेरीच्या आपापल्या याद्या घेऊन हजर झाले आणि मामांनी एकेकाचा रुमाल उचलायला सुरुवात केली. एवढा जिंकलेला माणूस मी निवडणुकीतही बघितला नाही.

मुक्ता गेली. पहिली मोठी सुट्टी लागली तेव्हा तिच्यासाठी बायकोने सुरमई आणून ठेवली, मामाही सावर्ड्याहून मुद्दाम आले. दुपारी तिचा फोन आला. "बाबा, या वेळी नाही येत. आम्ही मुलंमुली मिळून गाडी बनवतोय, सरांनी सुट्टीतही वर्कशॉप उघडं ठेवलंय." आवाजात नुसता आनंद उतू जात होता. मी फोन मामांकडे दिला. त्यांनी गाडीला चाकं किती, ब्रेक कोण बसवतंय, सगळं खोदून विचारलं आणि फोन ठेवला.

"बघा, कॉलेज अगदी मानवलं तिला," ते म्हणाले. मग सुरमईकडे बघत म्हणाले, "मानवलं की पोरं येत नायत हो घरी. ह्यावर मला अजून उपाय सापडलेला नाय."

बायकोने तिघांचीच पानं घेतली.