बाउक्येच्या खोलीचं दार

डॉक्टर होकस्ट्रांच्या गावच्या दवाखान्यात बाउक्ये मनाच्या दुखण्यांचं इथलं काम शिकायला आली तेव्हा मला वाटलं, ही टिकायची नाही. तिची नोकरीतली हयात मोठ्या मनोरुग्णालयात गेलेली. तिथे एकेका माणसाला तासभर, मधे कुणी येऊ नये म्हणून दारावर लाल दिवा. इथे जेमतेम वीस मिनिटं, आणि डॉक्टर केव्हाही दार ठोठावून पेशंट आत आणून बसवणार. पहिल्याच आठवड्यात तिने आतून कडी लावली. डॉक्टरांनी ती कडीच काढून टाकली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

काउंटरवर इतकी वर्षं मी आहे. गावात कुणाला झोप नाही, कुणाचं सुनेशी पटत नाही, हे आधी मला कळायचं, मग डॉक्टरांना. बाउक्ये शिकत गेली तशी माणसं माझ्याशी हवापाण्याचं बोलून तिच्या दाराकडे बघायला लागली. ती करते काय, तर एक प्रश्न विचारते आणि गप्प बसते. एवढ्याचं गावभर कौतुक! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग एक दिवस माझाच नवरा दवाखान्यात आला. सीत्से कालव्यावरचा पूल बोटींसाठी उघडायचा. आता तो पूल शहरात बसून कॅमेऱ्यावर चालवतात. सीत्सेचं काम गेलं, तेव्हापासून त्याच्या तोंडाला कुलूप. मी समजावलं, भांडले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मला म्हणाला, गुडघा दुखतोय. डॉक्टरांनी गुडघा बघितला आणि त्याला घेऊन सरळ बाउक्येच्या खोलीत गेले.

थोड्या वेळाने आतून सीत्सेचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. मी वाजणारा फोन उचलायची विसरले.

बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. "पुढची वेळ दे," म्हणाला.

"कुणाची?" माहीत असून मी विचारलं.

"तिची."

जेवणाच्या सुट्टीत मी बाउक्येला खोदून विचारलं. त्याच्याकडूनच ऐक, म्हणाली. वर नियम सांगितला, पेशंटचं बोलणं खोलीबाहेर जात नाही. मला, दवाखान्याचा नियम!

संध्याकाळी कॉफी ठेवली आणि सीत्सेला विचारलंच, "तिच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

त्याने कॉफी ढवळून चमचा बशीत ठेवला. "काही नाही गं. पण मी तोंड उघडलं की वाक्य तू पुरं करतेस."

असं काही नाहीये, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि गप्प बसले, अगदी तिच्यासारखी. तिच्यासारखं वागावं लागतंय, याचाही राग येत होता.

"सकाळी पहिली बोट यायची ना," सीत्से म्हणाला आणि थांबला.

पुढचं मला ठाऊक होतं. मी बिस्किटांचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिले.